पाय दाबला, तरी गाडी ऐकेना

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. रात्री साडेआठच्या सुमारास मेहुण्याचा फोन आला. पुण्याहून साताऱ्याला येत होता आणि खंबाटकी घाट निम्मा चढला होता. "दाजी, पाय पार खाली टेकवलाय, पण गाडी रेसच घेईना. पिवळा दिवा लागलाय. मागनं ट्रकवाले हॉर्न मारून जीव खायला लागलेत."

त्याला म्हटलं, कडेला घे, चारी इंडिकेटर लाव, गाडी बंद कर आणि दोन मिनिटांनी परत चालू कर. त्यानं तसं केलं, आणि गाडी अशी घाट चढून आली की जणू काही झालंच नव्हतं. दिवा मात्र लागलेलाच. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला तर निदान आलं: ॲक्सिलेटरचा सेन्सर गेला, अख्खं पेडल बदला.

पेडल आम्ही बदललं नाही. बदललं असतं तरी पुढच्या पावसात गाडी पुन्हा तशीच अडली असती. हे इतक्या खात्रीनं का म्हणतो, ते कळायला पेडलच्या मागे काय चालतं ते आधी पाहावं लागेल.

तार गेली, वायर आली

जुन्या गाडीत ॲक्सिलेटरला एक केबल असायची, सायकलच्या ब्रेकला असते तशीच. पाय दाबला की केबल ओढली जायची आणि इंजिनच्या तोंडाशी असलेली हवेची झडप उघडायची. हवा जास्त, पेट्रोल जास्त, वेग जास्त. पाय आणि इंजिन यांच्यामध्ये तिसरं कुणी नव्हतं.

आता ती केबल नाही. पेडलच्या बुडाशी एक सेन्सर असतो. पेडल किती दाबलं गेलं हे तो विजेच्या दाबात, म्हणजे व्होल्टमध्ये सांगतो. ही खबर गाडीच्या संगणकाकडे जाते. गॅरेजमध्ये त्याला ईसीएम म्हणतात, आपण संगणकच म्हणू. संगणक इंजिनचा वेग, गिअर, तापमान, चाक घसरतंय का, हे सगळं बघतो आणि मग एका छोट्या मोटरला सांगतो की झडप इतकी उघड. डिझेल गाडीत हाच निरोप झडपेऐवजी इंजेक्टरकडे जातो, डिझेल किती सोडायचं म्हणून. पूर्वी पाय हुकूम सोडायचा, आता तो अर्ज करतो. मंजूर किती करायचा ते संगणक ठरवतो.

ही पद्धत काल-परवाची नाही. बीएमडब्ल्यूच्या ७ मालिकेत ती १९८० च्या दशकाच्या अखेरीसच आली होती. आपल्याकडे मात्र साध्या मोटारींतही ती आता नेहमीची झाली आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेले बीएस-६ चे धुराचे नियम पाळायचे तर इंजिनात हवा आणि इंधन किती जातं यावर संगणकाचा बारीक ताबा लागतो. केबलच्या हाती तो देता येत नाही.

दोन काट्यांवर एकच वजन

सांगली-साताऱ्याच्या या भागात ऊस आणि काटा हे शब्द कुणाला समजावून सांगायला नकोत. शेतकरी ट्रॉली भरतो आणि कारखान्याच्या काट्यावर जाण्याआधी खासगी काट्यावर वजन करून घेतो. दोन्ही आकडे जुळले तर ठीक. नाही जुळले तर भांडण. त्यात गंमत अशी की दोन आकडे नुसते समोर ठेवले तर खोटं कोण बोलतंय हे कळत नाही. एवढंच कळतं की कुणीतरी बोलतंय.

पेडलमध्ये नेमकं हेच केलेलं असतं. एकाच पेडलचा दाब दोन स्वतंत्र सेन्सर मोजतात. दोघांना संगणकाकडून वेगळा ५ व्होल्टचा पुरवठा, वेगळं अर्थिंग आणि वेगळी सिग्नलची वायर. म्हणून पेडलच्या कपलरला, म्हणजे वायरी जोडायच्या प्लगला, सहसा ६ वायरी दिसतात. दोघांनी एकच आकडा सांगायचा नसतो, हे मुद्दाम केलेलं आहे. बऱ्याच गाड्यांत दुसरा सेन्सर पहिल्याच्या बरोबर निम्मं सांगतो. पाय काढलेला असताना पहिला ०.७६ व्होल्ट, दुसरा ०.३८. पूर्ण दाबल्यावर पहिला साधारण ३.९, दुसरा १.९५. काही गाड्यांत दोघांत निम्म्याचा हिशेब नसतो, ठरावीक अंतर असतं, म्हणजे एक ०.८ तर दुसरा १.६ आणि हे ०.८ चं अंतर शेवटपर्यंत तसंच. काहींत एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो.

आकडे वेगळे ठेवण्यामागे हुशारी आहे. समजा दोन्ही सिग्नलच्या वायरी कुठे घासून एकमेकींना चिकटल्या. दोघं सारखंच बोलणारे असते तर संगणकाला संशयच आला नसता. इथे मात्र निम्म्याचा हिशेब लगेच मोडतो आणि चोरी पकडली जाते.

हिशेब मोडला की संगणक कुणाचंच पूर्ण ऐकत नाही. एकाच सेन्सरची गडबड स्पष्ट दिसत असेल तर बऱ्याच गाड्या दुसऱ्याच्या भरवशावर, पण हात आखडून, चालतात. दोघांवरचाही विश्वास उडाला तर पाय कितीही दाबा, इंजिन आयडलच्या, म्हणजे पाय काढल्यावरच्या संथ वेगाच्या, आसपासच गुरगुरत राहतं. याला लिंप मोड म्हणतात, म्हणजे लंगडत घरी जाण्याची सोय. घाटात मेहुण्याला गाडी मेली असं वाटलं, पण गाडीनं मुद्दामच अंग आकसून घेतलं होतं. बंद करून चालू केल्यावर दोन्ही सेन्सरचा हिशेब पुन्हा जुळला, म्हणून ती निमूट चढली.

स्कॅनरवरच्या आकड्याचा अर्थ

स्कॅनरवर कोड येतो. पेडलचे नेहमी दिसणारे कोड पाचच आहेत. पी-२१२२ म्हणजे पहिल्या सेन्सरचा सिग्नल फार खाली, पी-२१२३ म्हणजे फार वर. पी-२१२७ आणि पी-२१२८ हे दुसऱ्या सेन्सरचे तसेच दोन. आणि पी-२१३८ म्हणजे दोघांचा मेळ बसत नाही. पी-२१३५ दिसला तर तो पेडलचा नव्हे, तिकडे झडपेवर बसवलेल्या दोन सेन्सरचा आहे. इथे घाईघाईत बरेच जण फसतात आणि चुकीचा पार्ट मागवतात.

आता हे वाक्य नीट वाचा: "सिग्नल फार खाली." यात सेन्सर बिघडला असं कुठे म्हटलंय? संगणकाला फक्त त्याच्या दारात आलेला व्होल्टेज दिसतो. तो खाली येण्याचं कारण सेन्सर असेल, तुटलेली वायर असेल, सैल पिन असेल किंवा ५ व्होल्टचा पुरवठाच नसेल. पोस्टमननं पाकीट फाटकं आणून दिलं म्हणून पाठवणाऱ्यानंच फाडलं असं आपण धरत नाही. मधला रस्ता तपासतो. तरीही "कोड आला, पार्ट बदला" हा खाक्या सगळीकडे आहे. माझ्या मते त्याला निदान म्हणणं जरा जास्तच होतं.

आणखी एक. कोड लगेच पुसू नका. कोडसोबत संगणक त्या क्षणाची नोंद ठेवतो: वेग किती, इंजिन किती फिरत होतं, किती गरम होतं. कोड पुसला की ही नोंदही जाते. आधी मोबाइलवर फोटो काढा.

हल्ली अनेकांकडे मोबाइलला जोडायचा स्वस्त स्कॅनर असतो. त्यात पाय काढलेला असतानाही पेडल १५ टक्के दाबलेलं दिसतं आणि लोक घाबरतात. ते बिघाडाचं लक्षण नाही. अनेकदा हा आकडा पेडलचा नसून ५ व्होल्टपैकी किती टक्के व्होल्ट आले त्याचा असतो. ०.७६ म्हणजे ५ चे सुमारे १५ टक्के. पूर्ण दाबल्यावर तिथे १०० नव्हे, ७८ च्या आसपास दिसेल, आणि दुसऱ्या सेन्सरला ३९. हे ७८ आणि ३९ एकत्र बघायला शिका, निम्मं निदान तिथेच होतं.

मीटर हातात घेतल्यावर

इंजिन बंद, चावी चालू. स्कॅनरवर दोन्ही सेन्सरचे आकडे शेजारी शेजारी लावा. पाय हळूहळू दाबा, दहा सेकंद लागले पाहिजेत इतका हळू, आणि तसाच सोडा. आकडे जिन्यावरून म्हातारा माणूस चढावा तसे शांतपणे चढले पाहिजेत, मध्ये उडी नको आणि खड्डाही नको.

उडी का येते? जुन्या रेडिओचा आवाजाचा बटण आठवा. काही वर्षांनी तो एका विशिष्ट जागी खरखर करायचा, कारण आतल्या पट्टीवर सरकणारी पत्ती ती पट्टी त्या जागी झिजवून टाकायची. काही पेडल सेन्सर अगदी त्याच जातीचे असतात. हायवेवर तासन्‌तास ठरावीक वेगानं चालणाऱ्या गाडीत पेडल त्याच एका जागी थरथरत राहतं आणि पट्टी तिथेच झिजते. अशा गाडीचा धनी सांगतो, "ऐंशीला गेली की झटका मारते, बाकी झ्याक चालते." असं ऐकलं आणि आकड्यांनी त्याच जागी उडी मारली, तर पेडल खरोखरच गेलेलं आहे, खुशाल बदला. नव्या गाड्यांत चुंबकावर चालणारे, न घासणारे सेन्सर येतात. त्यांना ही झीज नाही. त्यामुळे तिथे सेन्सरवर बोट ठेवण्याआधी वायरिंगकडे बघणं जास्त शहाणपणाचं.

आकडे शांतपणे चढले, तर पाय जागेवर ठेवून एका हातानं कपलर आणि वायरींचा जुडगा हलवा. हलवताना आकडा नाचला की चोर सापडला. साध्या मीटरवर एक अडचण आहे, तो संथ असतो. क्षणभर आलेला झटका त्याला दिसतच नाही. मीटरला किमान-कमाल आकडा लक्षात ठेवण्याची सोय असेल तर ती वापरा. ऑसिलोस्कोप असेल तर उत्तमच, त्यावर झटक्याचं चित्रच उमटतं.

मग पुरवठा. दोन्ही सेन्सरच्या ५ व्होल्टच्या वायरीवर खरोखर ५ येतात का? नसतील तर लगेच संगणकाला दोष देऊ नका. काही गाड्यांत याच ५ व्होल्टवर आणखी दोन-तीन सेन्सर जगतात, एसीच्या गॅसचा दाब मोजणारा, हवेचा दाब मोजणारा वगैरे. चाळीत एका बिऱ्हाडात शॉर्ट झाला की सगळ्यांचा फ्यूज उडतो, तसं होतं. पेडलसोबत दुसऱ्याच कुठल्या सेन्सरचे कोड आले असतील, किंवा पी-०६४१, पी-०६५१ हे पुरवठ्याचे कोड आले असतील, तर बाकीच्या सेन्सरचे कपलर एकेक करून काढा. ज्याचा कपलर काढल्यावर ५ व्होल्ट परत आले, तो गुन्हेगार.

अर्थिंगचा बिघाड सगळ्यात फसवा, म्हणून त्यावर जरा थांबतो. मोरीचं भोक अर्धवट तुंबलं तर काय होतं? पाणी जातं, पण साचून वर चढतं. अर्थिंगच्या वायरीत कळंक चढला की सिग्नलचं तेच होतं, आकडा आहे त्यापेक्षा वर दिसायला लागतो. उलट ५ व्होल्टच्या बाजूला अडथळा असेल तर आकडा खाली येतो. तपासायची पद्धत सोपी आहे. चावी चालू, कपलर लावलेलाच, मीटरची एक पिन सेन्सरच्या अर्थिंगवर, दुसरी थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर. शून्याच्या जवळपास आकडा हवा. ०.०५ व्होल्टपर्यंत चिंता नाही. ०.१ च्या वर गेला तर वाटेत कुठेतरी तुंबलंय. कपलर काढून नुसती वायर जोडलेली आहे का बघितली तर हा बिघाड दिसणार नाही, कारण वायर जोडलेली असतेच.

दोन गोष्टी मात्र करू नका. वायरमनकडे बल्ब लावलेला टेस्टर असतो, तो या वायरींना लावायचा नाही. बल्ब फार करंट ओढतो आणि हे नाजूक सर्किट त्यासाठी बनवलेलं नाही. दुसरं, वायरीच्या अंगात सुई खुपसून मोजायचं नाही. आज मोजमाप होईल, पण पावसाळ्यात त्याच भोकातून पाणी आत शिरेल. कपलरच्या मागच्या बाजूनं पातळ पिन सरकवून मोजा.

पेडलचा दोष नसतानाही

रेस न घेण्याची इतर कारणंही आहेत. टर्बो, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप), डिझेलचा दाब, धुराचा फिल्टर, यांतल्या कशानेही गाडी लिंप मोडला जाते. आणि एक कारण तर हास्यास्पद वाटावं इतकं साधं आहे: ब्रेकच्या पेडलवरचा स्विच. तो बिघडला की संगणकाला वाटतं पाय ब्रेकवर आहे, आणि ब्रेक आणि ॲक्सिलेटर दोन्ही दाबलेले दिसले की अनेक गाड्यांत ब्रेकचं ऐकायचं ठरलेलं असतं. मागचे ब्रेक लाइट सतत लागून राहिलेत का हे बघायला पैसे पडत नाहीत. पी-०५०४ हा त्याचा कोड.

हौसेनं बसवलेले पिकअप वाढवणारे डबेही बघा. पेडल आणि वायरिंगच्या मध्ये ते बसतात आणि पेडलनं सांगितलेला आकडा फुगवून पुढे पाठवतात. म्हणजे काट्यावर पाय ठेवणारा माणूस आपणच नेमला. तपासणीआधी तो डबा काढून मूळ कपलर जोडा.

"मग केबलच बरी होती की!"

हे मला दर चौथा माणूस ऐकवतो. केबल समजायला सोपी होती, हे मान्य. पण ती तुटायची, गंजून अडकायची, तिचे तंतू सुटून झडप उघडीच राहायची, आणि त्यावर कुणाचा पहारा नव्हता. इथे निदान दोन साक्षीदार आहेत आणि त्यांचं पटलं नाही तर गाडी हळू होते. झडपेलाही स्प्रिंग असते. मोटरची वीज गेली तर स्प्रिंग झडप जवळजवळ बंद करते, फक्त गाडी रांगत जाईल एवढी फट ठेवून.

"आणि गाडी आपोआप सुटली तर?"

ही भीती हवेतली नाही. २००९-१० मध्ये अमेरिकेत टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारींचा गदारोळ झाला. पायाखालची मॅट पेडलमध्ये अडकणं आणि काही पेडल दाबल्यावर नीट वर न येणं, या दोन कारणांसाठी कंपनीनं लाखो गाड्या परत बोलावल्या. इलेक्ट्रॉनिक्सचा दोष आहे का हे शोधायला सरकारनं थेट नासाचे इंजिनिअर बसवले. फेब्रुवारी २०११ मधल्या अहवालात, झडप मोठी उघडून गाडी बेफाम सुटेल असा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही, असं म्हटलं होतं. पण त्यांना एका पेडल सेन्सरमध्ये कथलाचा केसासारखा बारीक तंतू वाढलेला सापडला. तो दोन्ही सिग्नलना एकमेकांशी जोडत होता, म्हणजे काट्यांची मिलीभगत म्हणा ना. वाद तिथे संपला नाही. २०१३ मध्ये ओक्लाहोमातल्या एका खटल्यात ज्युरीनं कंपनीविरुद्ध निकाल दिला.

म्हणून दोन साक्षीदार असले तरी मी मॅटच्या बाबतीत फार कडक आहे. एकावर एक दोन मॅट टाकू नका. आणि कधी गाडी सुटलीच तर ब्रेक एकदाच, पूर्ण ताकदीनं दाबा. परत परत दाबून सोडला तर ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. गाडी न्यूट्रल करा, कडेला घ्या, चावी गाडी थांबल्यावरच काढा.

"सरळ पेडल बदलून मोकळं का होऊ नये?"

पैसे असतील तर जरूर व्हा. फक्त एवढं लक्षात घ्या की नवं पेडल बसवताना कपलर काढून लावला जातो, पिना घासल्या जातात आणि कळंक तात्पुरता सुटतो. महिना-दोन महिने गाडी छान चालते, पेडल बदलल्यानंच फरक पडला असं वाटतं. मग पाऊस येतो.

सांगलीच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णेचं पाणी घराघरांत शिरलं, तसं गाड्यांतही. पेडलचा कपलर पायाशी असतो, म्हणजे गाडीत पाणी आलं की ते त्याच्या जवळच येतं. गाडी धुतली, सीट बदलली, सुगंध मारला, तरी कपलरच्या पिनांमधला गाळ तसाच राहतो आणि दोन वर्षांनी कळंक बनून डोकं वर काढतो. या भागात जुनी गाडी घेताना मी ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उचलून बघतोच, विकणाऱ्याला राग आला तरी. उसाच्या शेतालगत महिनाभर उभी राहिलेली गाडी असेल तर वायरींवर उंदराचे दात शोधतो.

मेहुण्याच्या गाडीला ना पूर लागला होता ना उंदीर. मीटर लावला तेव्हा पहिला सेन्सर ०.७६, चोख. दुसरा ०.३८ हवा होता, दाखवत होता ०.५२. कपलर हलवला की ०.७०. दुसऱ्याच्या अर्थिंगवर, कपलर लागलेला असताना, ०.१५ व्होल्ट. कपलर उघडला तर एक पिन हिरवीगार. पण इथवर पाणी आलं कुठून? कार्पेट हातानं दाबलं तर चप्पल भिजेल इतकं ओलं. काचेखालची जाळी उघडली आणि उलगडा झाला. गाडी बारा महिने अंगणातल्या चिंचेखाली उभी. चिंचेचा बारीक पाला जाळीतून आत जाऊन पाणी वाहून जायच्या भोकात बसला होता, आणि साचलेलं पाणी फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यातून, वायरींच्या अंगानं पाझरत थेट कपलरवर उतरत होतं.

पिन कॉन्टॅक्ट क्लीनरनं साफ केली, सैल पडलेली होती ती आवळली, कपलर वाळवून बसवला. आकडा ०.३८ वर आला. मुठीएवढा पाला बाहेर काढून मेहुण्याच्या हातावर ठेवला. तो म्हणाला, "एवढ्यासाठी पेडल बदलायला निघालेले व्हय?" आणि गाडी परत चिंचेखालीच लावली.